एकच जिना

लाल्याला लहानपणापासून आगीची भीती वाटायची, म्हणूनच तो आगीच्या धंद्यात गेला. लोकांना हे उलटं वाटतं. त्याची वहिनी म्हणायची, "पाण्याला भिणारा माणूस नावाडी झाला, असं कुठं ऐकलंय का?" पण लाल्याचं म्हणणं सरळ होतं. ज्याची भीती वाटते त्याच्या सगळ्या खाचाखोचा माहीत असल्या की माणसाला झोप लागते.

आग विझवायचे लाल सिलिंडर भरायचे, तपासायचे आणि परत भिंतीवर टांगायचे, हे त्याचं काम. कारखाने, दवाखाने, शाळा, गोदामं. खांद्यावर सिलिंडर, कमरेला नट खोलायचे पाने, आणि कुठल्याही इमारतीत पाय ठेवला की डोळे आधी दुसरं दार शोधणार. कुणाच्या लग्नाला गेला तरी नवरा-नवरीच्या आधी तो बाहेर पडायची वाट बघून यायचा. तो ज्या दुकानात कामाला होता तिथल्यांनी त्या सिलिंडरांवरून त्याला लाल्या म्हणायला सुरुवात केली आणि पुढे ते नाव घरातही रुळलं. घर म्हणजे भाऊ आणि वहिनी. भाऊ लांबच्या ट्रकवर, त्यामुळे तो घरात पाहुण्यासारखा. खरं घर चालायचं ते वहिनीच्या शिलाई मशीनवर. ती शाळांचे गणवेश शिवायची आणि शिवता शिवता दिराची खेचायची. प्रेमात असली की "लाल्या", रागात असली की "भाऊजी".

लाल्याच्या आयुष्यात भीतीखेरीज आणखी एकच मोठी गोष्ट होती, ती म्हणजे 'बंद लिफ्ट'.

हा चार जणांचा बँड होता. एक गिटार, एक ड्रम, एक कीबोर्ड आणि एक गाणारी. ते स्टेजवर कधी आले नाहीत, पोस्टर नाही, मुलाखत नाही. अधूनमधून नेटवर एखादं गाणं टाकायचे, शनिवारच्या तालमीचा एखादा तुकडा टाकायचे आणि गप्प व्हायचे. लाल्यानं त्यांचं पहिलं गाणं एका दवाखान्याच्या तळघरात ऐकलं. तो पाइपांमध्ये अंग चोरून सिलिंडर उतरवत होता आणि वॉचमनच्या फोनवर एक बाई गात होती, 'दोन मजल्यांच्या मध्ये मी, वर कुणी ना खाली कुणी.' लाल्या हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. इतक्या घाबरलेल्या माणसाचा आवाज इतका न घाबरता कसा निघतो, हे त्याला कळेना.

मग त्यानं दुकानातल्या सगळ्यांना ते गाणं ऐकवलं. कुणाला काही वाटलं नाही. एक जण म्हणाला, "बाई चांगली गाते, पण नाचायला काय आहे त्यात?" एकट्यानंच एखादी गोष्ट आवडून घ्यायचा माणसाला कंटाळा येतो. लाल्यानं फोनवर एक पेज उघडलं आणि त्याला नाव दिलं 'अडकलेले'. लिफ्ट बंद आहे म्हटल्यावर आतले लोक अडकलेलेच असणार.

"तुला गाता येत नाही, वाजवता येत नाही," वहिनी म्हणाली, "मग ह्यात तुझं काय?"

"मला दाखवता येतं ना," लाल्या म्हणाला. "बघा, हे ऐका, एवढंच."

आणि त्यानं ते जीव ओतून दाखवलं. गाणी पुन्हा पुन्हा ऐकून शब्द उतरवून घेतले. तिसऱ्या गाण्यात मागे जो ठकठक आवाज येतो तो ड्रमचा की दाराचा, यावर पेजवर आठवडाभर भांडण चाललं, तेही त्यानं न्यायाधीशासारखं मिटवलं. पेजचा एक रिवाज होता. नवा माणूस आला की त्याला विचारायचं, "कुठल्या मजल्यावर?" म्हणजे, हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तू कुठे होतास? लोक एकापेक्षा एक उत्तरं द्यायचे. 'दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना.' 'नवऱ्याशी भांडून गच्चीवर.' 'बस चुकली तिथे.' लाल्या प्रत्येक उत्तराला बदाम टाकायचा आणि जेवताना वहिनीला वाचून दाखवायचा.

गाणारी कधी दिसायची नाही. व्हिडिओत तिची पाठ असायची, नाहीतर नुसता हात, नाहीतर पडद्यामागची सावली. पेजवरच्या लोकांनी तिला 'आतली' असं नाव पाडलं. सगळ्यांना ती स्टाइल वाटायची. एकानं तर त्यावर लांबलचक लेख लिहिला की चेहरा नसणं हाच तिचा चेहरा आहे. त्या लेखाला सगळ्यात जास्त बदाम लाल्याच्या लोकांनी दिले. माणूस लपतं तेव्हा कुणापासून तरी लपतं, हे एवढ्या शहाण्या लोकांत कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि मग बँडनं तो फोटो टाकला.

फोटोत फार काही नव्हतं. तालमीच्या खोलीचा एक कोपरा, ड्रमवर वाळत टाकलेला टॉवेल, आणि मागच्या भिंतीवर एक लाल सिलिंडर. इतरांनी टॉवेलवर विनोद केले. लाल्यानं फोटो मोठा करून बघितला आणि त्याच्या अंगावर काटा आला. सिलिंडरच्या मानेला हिरव्या तारेची दुहेरी गाठ होती. अख्ख्या दुकानात अशी गाठ एकच माणूस मारायचा. इतर जण प्लास्टिकची पट्टी आवळून मोकळे होतात, पण पट्टी उन्हात तुटते म्हणून लाल्या तार वापरायचा.

म्हणजे तो त्या खोलीत जाऊन आला होता! आपल्या हातानं तो सिलिंडर टांगून आला होता, आणि तेव्हा खोलीत फक्त चादरीखाली झाकलेली काही खोकी दिसली होती. देव घरी येऊन गेला आणि आपण त्याला दारावरचा फेरीवाला समजलो, अशी त्याची गत झाली.

आता हे पोटात ठेवणं कुठल्याही चाहत्याला शक्य नव्हतं. त्यानं लिहिलं, "अडकलेले मित्रांनो, तुमच्या आतलीच्या खोलीत जो सिलिंडर दिसतोय तो या हातांनी भरलाय!" पत्ता मात्र दिला नाही. तेवढी अक्कल त्याला होती. त्यानं फक्त सांगितलं की खांद्यावर ओझं घेऊन किती अंधारा जिना चढावा लागतो, खालच्या मजल्यावरून छापखान्याच्या शाईचा कसा वास येतो, आणि नावात लिफ्ट असलेल्या बँडच्या इमारतीत लिफ्टच कशी नाही. लोक वेडे झाले. पेजवर इतकी गर्दी आजवर झाली नव्हती. लाल्या त्या दिवशी चालत नव्हता, तरंगत होता.

त्याच आठवड्यात एक नवा माणूस आला. नाव नाही, फोटोच्या जागी राखाडी गोल. रिवाजाप्रमाणे त्याला विचारलं, कुठल्या मजल्यावर? त्यानं लिहिलं, 'मी हा आवाज पहिल्यांदा आमच्याच घरात ऐकला. भिंतीपलीकडून.'

लाल्याला वाटलं, शेजारी गाणं लागलं असेल. त्यानं बदाम टाकला.

मग राखाडी गोलानं त्याला खाजगीत लिहायला सुरुवात केली. किती अदबीनं! 'दादा, तुमचं काम फार जबाबदारीचं.' 'दादा, लोकांना तुमच्यासारख्यांची किंमत नसते.' लाल्याच्या कामाबद्दल आजवर कुणी एवढं विचारलं नव्हतं. तो खुलला. आपलं दुकान कुठल्या गावात आहे तेही त्यानं सांगून टाकलं. गोदामांच्या बाजूला अशा जुन्या इमारती कशा धोकादायक असतात ते त्यानं समजावून सांगितलं. माणसानं विचारलं, अशा खोलीत आग लागली तर लोक बाहेर कसे पडणार, मागे दार असतं का? लाल्यानं लिहिलं, 'तेच तर! मी मालकांना बजावून आलोय. एकच जिना आहे, दुसरी वाट नाही. वरचे लोक वरच अडकायचे.'

'बरं झालं सांगितलंत,' माणसानं लिहिलं.

शनिवारी सकाळी लाल्यानं हे सगळं संभाषण वहिनीपुढे धरलं. हेतू हाच की बघ, दीर काय साधासुधा माणूस नाही. वहिनी दातात दोरा धरून बाही जोडत होती. एका हातानं फोन घेऊन ती वाचू लागली. वाचता वाचता मशीनवरचा पाय थांबला. तिनं दातातला दोरा काढला.

"भाऊजी," ती म्हणाली, "हा गाण्याचं काही विचारतच नाहीये."

"म्हणजे?"

"एक गाणं नाही, एक शब्द नाही. किती वाजता येतात, किती जण असतात, जिना कसा आहे, मागे दार आहे का. हे काय चाहत्याचे प्रश्न झाले?"

"अगं, तो माझ्या कामाचं..."

"तुझ्या कामाचं कौतुक करत होता, आणि तू हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला होतास. हे वाच. आमच्याच घरात ऐकला, भिंतीपलीकडून. घरात गाणं लागलं होतं, की घरात तीच गात होती?"

लाल्यानं वाचलं. हेच शब्द त्यानं आधी दहादा वाचले होते, पण आता ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखे दिसत होते. 

"कदाचित तिचा नातेवाईक असेल," तो म्हणाला. "चांगला असेल."

"चांगल्या नातेवाइकाकडे पत्ता असतो."

लाल्यानं घाईघाईनं लिहिलं, 'तुम्ही तिला ओळखता का?' वहिनी "नको!" म्हणेपर्यंत ते गेलंसुद्धा. उत्तर लगेच आलं. जणू पलीकडे तो फोन हातात घेऊनच बसला होता. 'लहानपणापासून. तिला काही बोलू नका दादा. तिला चकित करायचंय. मी गावात पोचलोय.'

 त्यानं पहिल्यांदा काय केलं तर पोस्ट काढून टाकली. आणि तिथे पेजची भलाई आडवी आली. 'ॲडमिन, पोस्ट कुठे गेली?' 'कुणी दाबली का?' आणि एका प्रेमळ मुलीनं तिच्याकडची जपून ठेवलेली प्रत सगळ्यांसाठी पुन्हा लावली, 'ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, लाल्यादादांच्या परवानगीशिवाय, सॉरी दादा', आणि पुढे एक हसरा चेहरा. ती काढेस्तोवर दुसऱ्यानं लावली. एकदा उडालेली ठिणगी मोजत बसता येत नाही, हे लाल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

बँडला त्यानं संदेश पाठवला. 'आतलीला धोका आहे, ताबडतोब बोला.' पाठवल्यावर त्याचं त्यालाच कळलं की हे नेमकं वेड्या चाहत्यासारखं दिसतंय. बँडवाल्यांकडे असे ढीगभर येत असणार. तालीम दुपारी असायची आणि घड्याळ काही थांबत नव्हतं.

"पोलिसात जा," वहिनी म्हणाली.

"काय सांगू? एक माणूस जिन्याची चौकशी करतोय?"

"बरं, मी जाते. मला सांगता येतं. हे सगळं पत्त्यासकट माझ्या फोनवर पाठव." तिनं अर्धवट बाही तशीच मशीनखाली सोडली. पंधरा वर्षांत तिला असं काम टाकून उठताना लाल्यानं पाहिलं नव्हतं, आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली. "तू तिच्याकडे जा. आधी तिला कळलं पाहिजे. आणि लाल्या..."

"काय?"

"हिरोगिरी करू नकोस. तुला जमायची नाही."

तो स्कूटरला सिलिंडर बांधून निघाला. सिलिंडर कशाला घेतला हे त्यालाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं तो कधी कुठल्या इमारतीत शिरला नव्हता, एवढंच. गोदामांच्या रस्त्यावर शनिवारची सामसूम होती. शटरं अर्धी ओढलेली, एका ट्रकखाली कुत्रं झोपलेलं. कोपऱ्यावर एक माणूस गाडीला टेकून फोनवर बोलत होता. लाल्याला वाटलं, हाच. पुढे एक जण बुटाची लेस बांधत होता. हाच. खिडकीत एक म्हातारा बसला होता, तोसुद्धा लाल्याला हाच वाटला. राखाडी गोलाला चेहरा नव्हता आणि चेहरा नसलेला माणूस कुणीही असू शकतो.

छापखान्यात मशीन बंद होतं. फोरमन हात पुसत बाहेर आला.

"काय रे लाल्या, परत? आत्ता तर भरून गेलास."

"तपासायचं राहिलं होतं."

"तुमच्या दुकानाचं काही खरं नाही. सकाळी एक जण येऊन गेला की तपासायला."

लाल्यानं सिलिंडर खाली टेकवला. "आमच्या दुकानाचा?"

"तसंच म्हणाला. सिलिंडर तपासायचेत, वर कोण असतं, कधी असतं. सभ्य वाटला. इस्त्रीचा शर्ट. हातात मात्र काही अवजार नव्हतं, ते मला जरा..." फोरमन थांबला. "का रे? असा पांढरा का पडलास?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? पोरं दुपारी येतात म्हटलं."

लाल्या जिना चढला. हा जिना त्यानं महिन्यापूर्वी चढला होता तेव्हा तो नुसता अरुंद होता. आज तो त्याला घशासारखा वाटला. दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत, कठडा एकाच बाजूला, वळणावर उजेड नाही. वरून ड्रमचा आवाज येत होता. त्यानं दार वाजवलं आणि आवाज पटकन थांबला.

"कोण?"

"सिलिंडर तपासायला आलोय."

आत काहीतरी पडलं. मग इतकी शांतता झाली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. आतले लोक श्वास रोखून उभे आहेत आणि ते आपल्याला घाबरून उभे आहेत, हे त्याला उमगलं. फोरमननं सकाळचं त्यांच्या कानावर घातलं असणार. जगात बोलायला दुसरं कुठलंही वाक्य चाललं असतं, आणि त्यानं नेमकं हेच निवडलं होतं.

"मी तो नाही," तो दाराला तोंड लावून म्हणाला. "म्हणजे मी खरा सिलिंडरवाला आहे. मी 'अडकलेले' पेज चालवतो."

"लाल्या?" आतून बाईचा आवाज आला.

त्या आवाजात आपलं नाव ऐकायचं स्वप्न त्यानं किती वेळा पाहिलं असेल! पण ते असं.

साखळी न काढता दार बोटभर उघडलं. ड्रमवाला होता, दंडावर घाम, हातात काठ्या. "तो फोटो पाहून लिहिणारा तूच ना? तुला काही अक्कल?"

"नाही," लाल्या म्हणाला. "शिव्या नंतर द्या. आधी हे वाचा." त्यानं फोन फटीतून आत सरकवला.

साखळी निघाली. खोलीत तिघं भिंतीला चिकटून उभे होते. गाणारी त्यांच्यात चष्मा लावलेली, केस वर बांधलेली, बँकेच्या काउंटरमागे शोभेल अशी साधी बाई. लाल्यानं तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. बघायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं. ती उभ्यानं वाचत गेली. चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त डावा हात तिनं उजव्या मनगटावर घट्ट धरला.

"दादा आहे," ती म्हणाली. "मोठा भाऊ."

"तो काय करेल?" कीबोर्डवाल्या मुलीनं विचारलं. तिलाही माहीत नव्हतं म्हणजे.

"पहिल्या वेळी गिटार मोडली होती. दुसऱ्या वेळी हात." तिनं फोन लाल्याला परत दिला. "आणि तुम्ही त्याला सांगितलंत की दुसरी वाट नाही."

लाल्याला वाटलं, तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"चला, आत्ताच निघा," तो म्हणाला. "सगळे मिळून खाली..."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी पारखून चढणारी. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. लाल्या दाराबाहेर आला, मागे दार लागलं, कडी सरकली. आपण बाहेर का आलो हे त्यालाच कळेना.  त्यानं सिलिंडर छातीशी धरला आणि वळणाच्या वर, जिन्याच्या बरोबर मध्ये उभा राहिला.

वळणावरून इस्त्रीचा शर्ट वर आला. चाळिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, हसतमुख माणूस. पाठीला नवीकोरी गिटार, अजून दुकानाच्या पिशवीत.

"अरे," तो म्हणाला, "लाल सिलिंडर! दादा, तुम्हीच ना ते? आपण बोललोय." त्यानं हात पुढे केला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"वर जाता येणार नाही," लाल्याच्या तोंडून निघालं. आवाज चिरका झाला. "गळती आहे. सिलिंडरची. खोली बंद केलीय."

"बरं. आत कोणी आहे?"

"नाही."

माणूस हसला. दाराकडे बघून त्यानं अगदी मायेनं हाक मारली, "चिमणे, गिटार आणलीय बघ. आई रडते तिकडे."  तो लाल्याकडे वळला. "सरका जरा दादा. घरचं प्रकरण आहे."

"नाही सरकत."

"तुम्हाला मारायला लावू नका."

"मी... मी घाबरलोय," लाल्या म्हणाला, "पण मला सरकता येत नाहीये." हे खरंच होतं. पाय दगडासारखे झाले होते. आयुष्यभर त्याला पळून जायची वाट आधी दिसायची. आज वाट समोर खाली जात होती आणि तिच्यावर पाऊल पडत नव्हतं.

भावानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग गिटार भिंतीला टेकवून तो पायरीवर बसला, शर्टाची घडी मोडू नये अशा बेतानं. "ठीक आहे. मी थांबतो. वाट एकच आहे ना? तुम्हीच सांगितलंत."

ते दोघं तसेच राहिले, एक खाली बसून, एक वर उभा, मध्ये चार पायऱ्या. भाऊ घरच्या गोष्टी सांगू लागला. चिमणी लहानपणी किती लाडकी होती, ताटात काय उरवायची, अंधाराला कशी भ्यायची. एकही शब्द वाईट नव्हता. लाल्याला ते चांगले शब्दच सोसेनात, कारण ते दाराआड ऐकू जात होते आणि भाऊ ते त्यासाठीच बोलत होता. मधूनच तो उठून शर्ट झटके आणि लाल्याचे हात सिलिंडरवरून घामानं निसटत.

शेवटी खालून वहिनीचा आवाज आला. "हा जिना आहे की उंदराचं बीळ!" तिच्यामागे एक महिला हवालदार होती आणि फोरमन. भाऊ लगेच उठून नमस्कार करून म्हणाला, "मॅडम, बहीण आहे माझी. गैरसमज झालाय."

हवालदार दमली होती. तिनं त्याचं ऐकून घेतलं, वहिनीच्या फोनवरचं पुन्हा एकदा वाचलं आणि वर बघून हाक दिली, "बाई, सज्ञान आहात ना? बाहेर येऊन सांगा काय ते. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला."

दार उघडायला फार वेळ लागला. ती बाहेर आली. भाऊ तिच्याकडे बघून हसला. ती वरच्या पायरीवर थांबली आणि तिचे ओठ नुसतेच हलले. जिच्या आवाजावर लाल्यानं इतके शब्द लिहिले, तिचा आवाज फुटेना. लाल्या मनात म्हणत होता, बोल, बोल, एवढंच बोल.

"मला ह्याच्याबरोबर जायचं नाही," ती म्हणाली. बारीक, कोरडं, पण ऐकू येईल इतकं. "ह्यानं माझा हात मोडला होता. आणि मला ते लिहून द्यायचंय."

हवालदारानं भावाला आधी खाली उतरवलं. तो गिटार तिथेच ठेवून गेला. वळणावर थांबून म्हणाला, "आज राहू दे, चिमणे." आवाज अजूनही मायेचाच होता.

तिनं लिहून दिलं, पण तेवढ्यानं भाऊ फार दिवस आत राहणार नव्हता; ती त्याच संध्याकाळी गाव सोडून गेली. कुठे, ते लाल्यानं विचारलं नाही, आणि तिनं सांगितलंही नसतं. निघताना ती छापखान्याच्या दारात त्याच्याशी बोलली. लाल्यानं माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. "ते राहू दे. माझ्यानं आत्ता होणार नाही. एक काम करा."

"सांगा. पेज आत्ता बंद करतो."

"नाही. चालू ठेवा. बंद झालं तर तो दुसरीकडे शोधेल. तो तुमचं वाचतो. तुमच्या तोंडून एकदा निसटलं, परत निसटेल असं त्याला वाटत राहील." तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "त्याला सांगत राहा. खोटं."

म्हणून 'अडकलेले' आजही चालू आहे. 'बंद लिफ्ट'चं नवं गाणं आलेलं नाही. पण लाल्या लिहितो. बँड म्हणे समुद्राकाठी गेलाय, तालमीच्या मागे लाटा ऐकू येतात. कधी लिहितो, एका ओळखीच्यानं आतलीला उत्तरेकडच्या एका स्टेशनवर पाहिलं. पेजवरचे साधे लोक ते खरं मानून हरखतात, आणि त्यांच्या प्रत्येक बदामाबरोबर लाल्याच्या काळजाला एक चिमटा बसतो. ज्याला नुसतं दाखवायचं होतं, तो आता लपवायला बसलाय. नवा माणूस आला की तो उत्तर वाचायच्या आधी वहिनीला हाक मारतो आणि ती मशीन थांबवून येते.

मागच्या आठवड्यात त्यानं लिहिलं की आतली डोंगरातल्या एका शाळेत गाणं शिकवते. शब्द वहिनीनं सुचवले. "शाळा घाल, शाळेवर विश्वास बसतो." पोस्ट टाकून दोघं फोनकडे बघत बसले. लोकांचे बदाम येऊ लागले. मग त्यांच्यात एक आला, राखाडी गोलाचा.



"वाचतोय," वहिनी हळूच म्हणाली.

"हो."

"कुठली शाळा, ते विचारेल आता." तिनं खुर्ची ओढून घेतली. "लिही. डोंगर लांबचा घे."